कोरियाच्या डोंगरमाथ्यावरील उन्हाळी भाजी

दक्षिण कोरियांत नोव्हेंबर महिना सरत आला कीं घरोघर एका मोठ्या कामाची गडबड उडते. महाराष्ट्रांत उन्हाळ्याच्या दिवसांत पापड लाटावयास व कुरडया घालावयास शेजारणी एकमेकींच्या घरीं जातात, तसाच प्रकार तेथें हिंवाळ्याच्या तोंडावर चालतो. कोबीसारख्या दिसणाऱ्या एका भाजीचे डझनांनीं गड्डे आणून ते उभे चिरतात व मिठाच्या पाण्यांत घालून ठेवितात. पानें नरम झालीं म्हणजे तीं धुवून, निथळवून, त्यांच्या पदरापदरांत मिरचीची पूड, लसूण, आलें, मुळ्याचा कीस व खारविलेली मासळी ह्यांचें मिश्रण भरतात आणि सारें भांड्यांत दाबून बसवितात. कांहीं दिवसांनीं त्यास आंबूस चव चढते. हीच किमची. ह्या सामुदायिक कामाला 'किमजांग' म्हणतात, आणि युनेस्कोनें २०१३ सालीं मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशांत त्याची नोंद केली आहे.

हिंवाळ्याची बेगमी अशी होते खरी. परंतु किमची हा अधूनमधून चाखावयाचा पदार्थ नव्हे. महाराष्ट्रीय ताटांत डाव्या बाजूस चटणी-कोशिंबीर असावी, तशी ती कोरियन जेवणांत नित्य असावयाचीच. हिंवाळ्यांत घातलेली किमची उन्हाळा येईतों फार आंबते. ती रस्स्यांत घालून शिजविण्यास उत्तम, पण पानांत वाढावयास ताजी किमची हवी असते. खाणावळींना आणि किमचीच्या कारखान्यांना तर बारमाही ताजा माल लागतो. आतां अडचण अशी, कीं ही भाजी थंडीवर पोसणारी आहे, आणि सोल शहराचें ऑगस्टमधील सरासरी तपमान २६ अंशांच्या आसपास असतें. मग भर उन्हाळ्यांत ती आणावयाची कोठून? ह्या प्रश्नाचें उत्तर त्या देशाच्या ईशान्येकडील डोंगरांनीं गेलीं पन्नासएक वर्षें दिलें आहे. तें उत्तर कसें सिद्ध झालें आणि आज तें कां डळमळूं लागलें आहे, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम त्या भाजीची ओळख करून घ्यावयास हवी. कोरियन भाषेंत तिला 'बेचू' म्हणतात. मुंबई-पुण्याच्या बाजारांत ती 'चिनी कोबी' ह्या नांवानें कधीं कधीं दृष्टीस पडते. गड्डा लांबट असतो, पानांचे देठ रुंद व पांढरे असतात, आणि भरलेला गड्डा सहज दोन-तीन किलो वजनाचा होतो. नांव कोबीचें असलें तरी बेचू कोबीच्या घरांतला नव्हे. कोबी, फुलकोबी आणि नवलकोल हीं एका जातीचीं भावंडें. बेचूचें सख्खें नातें आहे तें शलगमाशीं.

ह्या कुळाची वंशावळ १९३५ सालीं एका शास्त्रज्ञानें उलगडून दाखविली. ऊ जांग-चुन हें त्याचें नांव. त्याचा जन्म १८९८ सालीं जपानांत, कोरियन पिता व जपानी माता ह्यांच्या पोटीं झाला. शलगम-बेचूची जात, कोबीची जात आणि काळी मोहरी ह्या तीन मूळ जाती असून, त्यांच्या आपसांतील संकरांतून दुसऱ्या तीन जाती निपजल्या आहेत, असें त्यानें सिद्ध केलें. शलगमाच्या पेशींत गुणसूत्रांच्या १० जोड्या, काळ्या मोहरीच्या पेशींत ८. आणि भारतांत सर्वत्र पेरली जाणारी जी मोहरी, तिच्या पेशींत दोहोंची बेरीज होऊन बरोबर १८. तेव्हां मराठी घरांतील फोडणींत तडतडणारी मोहरी आणि कोरियन ताटांतील बेचू ह्यांमध्यें रक्ताचें नातें आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

ह्या शास्त्रज्ञाचा बेचूच्या शेतीशीं संबंध केवळ वंशावळीपुरता राहिला नाहीं. कोरियावरील जपानी राज्य १९४५ सालीं संपलें, आणि त्याबरोबर जपानांतून येणारें भाज्यांचें चांगलें बियाणेंही दुर्मिळ झालें. त्या वेळीं कोरियन लोकांच्या विनंतीवरून १९५० सालीं ऊ जांग-चुन आपलें कुटुंब जपानांत ठेवून बुसान येथें आला. १९५३ सालीं त्याची आई जपानांत वारली. तिच्या अंत्यविधीस जाण्याची परवानगी त्याला मिळाली नाहीं. सांत्वनार्थ लोकांनीं जी रक्कम दिली, तिच्यांतून त्यानें आपल्या संशोधनकेंद्रांत पाण्याची सोय करविली. १९५९ सालीं तो वारला, तोंपर्यंत देशांतल्या देशांत उत्तम बेचू व मुळा ह्यांचें बीं तयार करण्याचा पाया घातला गेला होता.

तें बीं तयार करण्याची युक्ति मोठी मनोरंजक आहे. बेचूचें फूल स्वतःच्या झाडाचा पराग स्वीकारीत नाहीं. ह्या स्वभावाचा उपयोग करून दोन निरनिराळ्या शुद्ध वंशांचीं झाडें शेजारीशेजारी लावितात. दोन्हीं स्वतःचा पराग नाकारतात, अर्थात् मधमाश्यांनीं आणलेला दुसऱ्याचा पराग घेतात, आणि हातानें पुंकेसर खुडीत न बसतां संकरित बीं मिळतें. मात्र ते शुद्ध वंश टिकवावयाचे तर त्यांना स्वतःचाच पराग मिळावयास हवा. ह्यासाठीं फूल उमलण्यापूर्वींच कळी चिमट्यानें उघडून तींत पराग ठेवितात. कारण नकार देण्याची शक्ति कळीच्या अंगीं अजून आलेली नसते. अशा संकरित बियांचीं रोपें एकसारखीं वाढतात, गड्डे एकाच वेळीं भरतात, आणि व्यापारी शेतीला हा एकसारखेपणाच हवा असतो.

बियाण्याची तयारी अशी झाली. आतां जागेचा विचार. बेचूचा गड्डा नीट बांधला जावयास १५ ते २० अंशांच्या दरम्यानची हवा लागते. कोरियाच्या पूर्व किनाऱ्याला समांतर तेबेक नांवाची पर्वतरांग गेलेली आहे. तिच्यांतील गांगवोन प्रांताच्या प्योंगचांग, गांगनंग, जोंगसॉन व तेबेक ह्या भागांत सहाशे मीटरांपासून बाराशे मीटरांपर्यंत उंचीवर शेतें आहेत. उंची शंभर मीटरांनीं वाढली कीं तपमान सुमारें अर्ध्या अंशाहून थोडें अधिक उतरतें. मे महिन्यांत मुंबईकर महाबळेश्वरास धांव घेतो तो ह्याच नियमाच्या भरंवशावर. सोलमध्यें लोक घामानें भिजत असतां, प्योंगचांगमधील देग्वालयंग घाटाच्या परिसरांत सरासरी तपमान २० अंशांच्या आसपास राहतें. रात्रीं तर अंगावर पांघरूण घ्यावें लागतें. दिवसा उन्हांत पानांनीं साठविलेली साखर गार रात्रींत फारशी खर्च होत नाहीं; ती गड्ड्यांत उतरते, व पान जाड, करकरीत आणि गोडसर होतें.

ह्या उंचावर शेती करणारे पहिले लोक मात्र कांहीं शास्त्र म्हणून तेथें गेले नव्हते. त्यांना दारिद्र्यानें वर नेलें. सह्याद्रींत एके काळीं कुमरी शेती चाले, म्हणजे रान तोडून, जाळून, त्या राखेंत धान्य पेरीत व जमिनीचा कस गेला कीं पुढें सरकत. कोरियांतील गरीब डोंगरी लोकही तेंच करीत. १९६० नंतरच्या दशकांत सरकारनें ही फिरती शेती मोडण्याचें धोरण आंखलें आणि १९६६ सालीं तसा कायदा केला. त्याच सुमारास गांगनंगच्या हद्दींतील 'आनबानदेगी' नांवाचा, अकराशे मीटर उंचीवरचा माळ अशा लोकांनीं फोडून कायमच्या लागवडीस आणला. तांदळाच्या वड्यांचें पीठ ज्या लांकडी पाटावर कुटतात, त्या पाटासारखा हा माळ दिसतो, म्हणून त्याला हें नांव पडलें. उतार इतका तीव्र, कीं धोंडे वेंचीत, बैलांच्या नांगरानें एकेक पट्टा फोडावा लागला. सुरुवातीस पीक आलें तरी तें खालीं न्यावयास रस्ता नव्हता. १९७५ सालीं सोलहून पूर्व किनाऱ्याकडे जाणारा मोठा महामार्ग पूर्ण झाला, आणि सकाळीं डोंगरावर कापलेला बेचू राजधानीच्या घाऊक बाजारांत ताजा पोंचूं लागला. थंड हवा तेथें पूर्वींपासून होतीच. रस्त्यानें तिला बाजारभाव आणून दिला.

आजच्या लागवडीचा क्रम साधारणतः असा आहे. बीं थेट शेतांत न टाकतां शंभराहून अधिक खाचांच्या प्लॅस्टिकच्या तबकांत, हलक्या मिश्रणांत, एकेका खाचेंत एक असें पेरतात. हीं तबकें आच्छादित रोपवाटिकेंत तीन-चार आठवडे ठेवितात. येथें मोठें पथ्य पाळावें लागतें. रोप कोवळें असतां कांहीं दिवस सतत १३ अंशांखालील थंडी त्याला लागली, तर त्या रोपाची अशी समजूत होते कीं हिंवाळा येऊन गेला. मग गड्डा न धरतां तें फुलाचा दांडा वर काढतें आणि पीक वायां जातें. थंडी आवडणाऱ्या भाजीला बाळपणीं उबेंत ठेवावें लागतें, ही ह्या शेतीची गंमत आहे. डोंगरावरील वसंतऋतु फार गार असल्यामुळें ही काळजी तेथें विशेष.

मे ते जुलै ह्या अवधींत, उंचीच्या मानानें लवकर अथवा उशिरां, रोपें शेतांत लावितात. जमिनीची आम्लता कमी करावयास अगोदर चुना मिसळतात, टंकणाचा अंश असलेलें खत देतात, वरंबे ओढतात व पुष्कळ ठिकाणीं त्यांवर प्लॅस्टिकचा पातळ पडदा अंथरतात. त्यायोगें ओल टिकते व तण दबतें. उतारावर लावणीचें यंत्र चालत नाहीं, म्हणून माणसें ओळीनें वांकून एकेक रोप हातानें लावितात. पुढें साठ-सत्तर दिवसांत गड्डा भरतो. ह्या काळांत पाण्याचा ताण पडला तर मुळांना जमिनींतील कॅल्शियम वर पोंचवितां येत नाहीं, आणि आंतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात. बाहेरून गड्डा निरोगी दिसतो. दोष कळतो तो सुरी चालविल्यावर. म्हणून पाईपांनीं डोंगरावर पाणी चढवून तुषारांनीं देणें, आणि पानांवर कॅल्शियमची फवारणी करणें, हीं कामें वेळच्या वेळीं करावीं लागतात.

कापणी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत चालते. तीही हातानेंच. पहांटेच्या गारव्यांत टोळ्या गड्डे कापतात, बाहेरचीं पानें काढतात, जाळीच्या पिशव्यांत भरतात आणि ट्रक थेट शेतांतून निघतात. कोरियन तरुण गांव सोडून शहरांत गेल्यामुळें आज ह्या टोळ्यांत परदेशांतून हंगामापुरते आलेले मजूर पुष्कळ असतात. विक्रीची रीतही ध्यानांत घेण्याजोगी आहे. बहुतेक शेतकरी उभ्या पिकाचाच सौदा व्यापाऱ्याशीं करून टाकतात. पुढें भाव चढला तर लाभ व्यापाऱ्याचा. सोलमध्यें बेचू महाग झाला म्हणजे डोंगरावरचा शेतकरी श्रीमंत झाला, असा अर्थ नेहमीं काढतां येत नाहीं.

ह्या व्यवस्थेनें कोरियन गृहिणीला ऑगस्टमध्यें ताजी किमची दिली. परंतु तिची किंमत जमिनीनें मोजली आहे. तेथील पावसाळा जूनच्या अखेरीस सुरू होतो, म्हणजे नेमका त्या वेळीं, ज्या वेळीं उतारावरील माती नुकतीच उकरलेली असते व रोपांनीं ती झांकलेली नसते. एकेका जोराच्या सरीबरोबर ती वाहून जाते. शेतकरी काय करितात, तर दर कांहीं वर्षांनीं ट्रक भरभरून दुसरीकडची माती आणून शेतांत पसरतात. पुढच्या पावसांत तीही वाहूं लागते. खालच्या नद्या गढूळ होतात. प्योंगचांगमधील दोआम धरणाचें पाणी पर्वतापलीकडे गांगनंगच्या नदींत सोडून वीज करीत असत. तें पाणी इतकें गढूळ व दूषित झालें, कीं गांगनंगकरांच्या तक्रारींमुळें २००१ सालीं तें सोडणें बंद करावें लागलें. पीक काढल्यावर शेत उघडें न ठेवतां राय नांवाचें धान्य पेरून हिंवाळाभर जमीन झांकून ठेवणें, आणि उताराला आडवे गवताचे पट्टे राखणें, हे त्यावरचे उपाय आहेत. ते केले तेथें गुण येतो.

दुसरी किंमत रोगांची. एकाच जमिनींत वर्षानुवर्षें एकच भाजी घेतली म्हणजे तिचे शत्रू त्या मातींत घर करून राहतात. मुळांवर गाठी आणणारा रोग, मर रोग, गड्डा बुडाशीं सडविणारी मऊ कूज, हे सर्व तेथें आहेतच. शिवाय २०११ सालीं तेबेक भागांत मुळांना चिकटून राहणारा एक सूत्रकृमि प्रथमच सांपडला. त्याचीं अंडीं कठीण कोशांत वर्षानुवर्षें जिवंत राहतात, व ट्रॅक्टरच्या चाकाबरोबर किंवा आणलेल्या मातीबरोबर दुसऱ्या शेतांत जातात. म्हणजे धुपीवरचा जो उपाय, तोच ह्या रोगाचें वाहन होऊं शकतो. बेचूनंतर बटाट्यासारखें निराळ्या कुळाचें पीक घेणें हा ह्यावरचा जुना व खात्रीचा मार्ग आहे. पण बेचूची मागणी मोठी असली म्हणजे तो मार्ग धरण्याचा धीर थोड्यांनाच होतो.

हीं दोन्हीं संकटें माणसाच्या हातचीं आहेत. मेहनतीनें व शिस्तीनें तीं आवरतां येतात. तिसरें संकट निराळें आहे. २०१० सालीं विचित्र हवामानानें पीक बुडालें आणि बेचूचा एक गड्डा दहा हजार वॉनच्याही वर गेला. लोक त्याला 'सोन्याचा बेचू' म्हणूं लागले. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष ली म्यंग-बाक ह्यांनीं आपल्या पंक्तीला बेचूऐवजीं गोल कोबीची किमची वाढावी असें सांगितलें. तेव्हां गोल कोबीही कांहीं स्वस्त नाहीं, असें लोकांनीं त्यांना तत्काळ सुनावलें. २०२४ सालीं तेंच पुन्हां घडलें. उन्हाळा सप्टेंबरमध्येंही हटेना, आणि ज्या डोंगरांवर पूर्वीं पारा २५ अंशांपलीकडे क्वचित् जाई, तेथेंही बेचूचे गड्डे उभ्या शेतांत कुजूं लागले. भाव पुन्हां दहा हजार वॉनच्या घरांत पोंचला आणि सरकारला चीनमधून ताजा बेचू मागवावा लागला.

उन्हाळी बेचूची लागवड ह्या शतकाच्या आरंभीं ८,००० हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर होत असे. २०२३ सालीं ती ४,००० हेक्टरांच्या आंत आली. तेथील सरकारी कृषिसंशोधन-खात्याच्या अंदाजाप्रमाणें, तपमान ह्याच गतीनें वाढत राहिलें तर २०९० पर्यंत डोंगरावरील ही शेती मुळींच उरणार नाहीं. तोंवर वाट न पाहतां जोंगसॉन भागांतील कित्येक शेतकऱ्यांनीं बेचू सोडून सफरचंदाच्या बागा लाविल्या आहेत. तें फळ पूर्वीं दक्षिणेकडील खालच्या प्रदेशांत होई.

संशोधक स्वस्थ बसलेले नाहींत. देग्वालयंग येथें खास उंच प्रदेशांतील शेतीसाठीं सरकारी संशोधनसंस्था आहे. अधिक उष्णता सोसून गड्डा धरणारे वाण निपजविले जात आहेत, दुपारच्या वेळीं बारीक तुषारांनीं शेताची हवा निवविण्याचे प्रयोग चालू आहेत, आणि वसंतांतील पीक शीतगृहांत अधिक काळ टिकवून उन्हाळ्याची तूट भरून काढण्याचा यत्न होत आहे. ह्या सर्व प्रयत्नांनीं कांहीं वर्षें पदरांत पडतील. बेचूच्या कुळाची गुणसूत्रें मोजून त्याची वंशावळ लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाच्या देशांत ही विद्या कमी पडेल असें मानण्याचें कारण नाहीं.

तरी एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. गेल्या साठ वर्षांत ह्या डोंगरावर माणसानें जवळजवळ सर्व कांहीं बाहेरून नेलें. बीं नेलें, खत नेलें, पाणी चढविलें, मजूर आणले, माती सुद्धां ट्रकनें आणली. न्यावी लागली नाहीं ती फक्त रात्रींची थंडी. ती तेथें फुकट मिळत होती, आणि साऱ्या उद्योगाचा आधार तीच होती. खालीं उष्मा वाढला तेव्हां शेती वर सरकली. आणखी वाढला तेव्हां आणखी वर गेली. परंतु कोणत्याही डोंगराला कोठें तरी माथा असतो. आनबानदेगीच्या माळावर आज पहांटेचें धुकें आणि रात्रींचें चांदणें पाहावयास शहरांतून माणसें येतात, व शेतांच्या हिरव्या पट्ट्यांचीं छायाचित्रें घेऊन परत जातात. त्यांच्या घरीं संध्याकाळीं पानांत जी किमची वाढली जाते, तिच्यासाठीं ह्या माळाच्या वर आतां फारशी जमीन उरलेली नाहीं.